रास्क आडनावाची भानगड

"माझं नुसतं नाव ऐकलं की चोर आपणहून कबुलीजबाब लिहायला बसतात," अल्गोट स्वेर्ड कॉफी ढवळत म्हणाले. "स्वेर्ड म्हणजे तलवार! बारा पिढ्या रणांगण गाजवलेलं घराणं आमचं!"

बाराव्या पिढीच्या कानाला दाढीचा साबण तसाच लागलेला होता. बहीण हुल्डाला तो दिसत होता, पण अशिलासमोर बोलणार काय? दादा स्टेशनमास्तर होता तोवर बरा होता. निवृत्त झाला, गुप्तहेर झाला, आणि वर्षभरात त्याने पाद्रीबाईंची हरवलेली छत्री तेवढी शोधली. ती त्यांच्याच हातात होती.

अशील म्हणजे सिग्ने रास्क. शनिवारी तिचं एव्हर्ट रास्कशी लग्न, आणि आज आई आडवी आली होती. आई पलीकडच्या गावची. सिग्नेचे आणि एव्हर्टचे आजोबा पलटणीच्या एकाच शिपाईघरात राहिलेले, दोघंही रास्क, हे तिला कुणीतरी सांगितलं. म्हणजे रक्ताचं नातं! लग्न बंद!

"काका, काहीतरी करा हो," सिग्नेला रडू आवरेना.

"सोपं आहे," अल्गोट म्हणाले. "मूळ पुरुष एकच, समुद्रावरचा लुटारू! किंवा जन्मतःच ताटातूट झालेले जुळे! किंवा… रास्क म्हणजे चपळ. एव्हर्टला मागणी घालायला किती वेळ लागला?"

"तीन वर्षं."

"तोतया!"

सिग्ने आणखीच रडू लागली.

शेवटी हुल्डाने दोघांना शिपाईघर क्रमांक एकसष्टला नेलं. सिग्नेचे आजोबा, फ्रान्स रास्क, दारात बटाटे सोलत बसले होते. अल्गोट भिंग काढून त्यांचा कान मोजू लागले.

"आजोबा, तुमचे वडीलही रास्कच का हो?" हुल्डाने विचारलं.

"छे गं! ते योहान्सन. मी पलटणीत लागलो तेव्हा हे घर मिळालं, एक गाय मिळाली आणि नाव मिळालं. या घरातल्या शिपायाला रास्कच म्हणायचे. माझ्या आधीचा रास्क म्हणजे एव्हर्टचा आजोबा. गुडघे गेले म्हणून तो सुटला. नाव घेऊनही गेला आणि ठेवूनही गेला. त्याच्याआधी आणखी चार झाले. कुणाचा कुणाशी संबंध नाही."

"आजोबा! आधी का नाही बोललात?" सिग्ने त्यांच्या गळ्यात पडली.

"मला विचारलं कोणी? मला वाटलं, तुझ्या आईला पोरगाच पसंत नाही."

"मी हेच म्हणणार होतो," अल्गोट म्हणाले. "अर्थात, आमच्या घराण्याची गोष्ट वेगळी."

म्हातारा त्यांच्याकडे निरखून बघत राहिला. "शेजारच्या बासष्ट नंबरच्या शिपाईघरातल्या स्वेर्डचा नातू ना तू? तुझा आजोबा मूळचा मोची. आधीच्या स्वेर्डला कोंबड्या चोरताना पकडून हाकललं, म्हणून नाव रिकामं झालं होतं."

हुल्डाला हसू दाबता दाबता ठसका लागला.

शनिवारी लग्न झालं. सिग्नेची आईसुद्धा नाचली. अल्गोट मात्र दिवसभर कोपऱ्यात बसून होते. घराण्याचा विषय नाही, तलवारीचा उच्चार नाही. हुल्डाला वाईट वाटू लागलं. तिने त्यांच्यासमोर केकचा मोठा तुकडा ठेवला.

"खा ना दादा. मनाला लावून घेऊ नकोस."

"हुल्डे," ते हळूच म्हणाले, "त्या कोंबड्या परत मिळाल्या होत्या का गं?"