पिवळ्या दिव्याचं व्रत

“आधी अटी, मग चाचणी. घाई केली का मशीन खोटं बोलते,” असं प्रशिक्षणातल्या साहेबांनी बजावलं होतं, आणि ड्रायव्हर लटारूभाऊंच्या कानात ते शब्द अजून ताजे होते. नेम पाळल्यावाचून कोणतंही कार्य फळत नाही, हे नर्स चंदाबाईंनाही मान्य होतं. त्या स्वतः मंगळवार, गुरुवार आणि दोन्ही एकादश्या धरतात.

त्या मंगळवारी सकाळी जिवतीकडच्या त्यांच्या आरोग्य केंद्राच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. असा दिवा लागलेली गाडी चाचणीवाचून रस्त्यावर न्यायची नाही, असा लेखी आदेश आहे. पायरीवर आठव्या महिन्यातली रिना सुजलेले पाय पसरून बसली होती. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला बाराच्या आत बोलावलं होतं. “मी स्वतः नेईन तिले,” असा शब्द चंदाबाईंनी तिच्या सासूला दिला होता.

बिघाड शोधणारी मशीन जोडण्याआधी गाडीने पाळायचे नेम असे. बॅटरी भरलेली हवी. (वीज गेली होती, म्हणून शेजारच्या धनराजच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली.) पंखा, दिवे, रेडिओ बंद. गियर न्यूट्रल. (केंद्र उतारावर आहे, चाकांना धोंडे लावले.) टाकी पावाहून जास्त, पाऊणहून कमी, म्हणजे फराळ केलेल्या पोटासारखी. ती चंद्रपूरसाठी कालच काठोकाठ भरली होती, म्हणून डिझेल कॅनमध्ये काढलं. इंजिन आधी रात्रभर थंड, मग दहा किलोमीटर चालवून गरम.

“मंग चालवा ना भाऊ. चंद्रपूरकडंच चालवा,” चंदाबाई हळूच म्हणाल्या.

“दिवा लागला आहे न बाई. चाचणीबिगर रस्त्यावर नाई नेता येत.”

“अन् चाचणी काऊन नाई होत?”

“रस्त्यावर तापवल्याबिगर कशी होईन?” हे लटारूभाऊ दुःखाने नव्हे, श्रद्धेने म्हणाले.

एव्हाना चौदा माणसं जमली होती. अकरा जणांनी सल्ला दिला, दोघांनी फोटो काढले, एकाने नारळ सुचवला. (चौघांच्या घरी स्वतःच्या धडधाकट गाड्या होत्या. त्या धुळीने खराब होऊ नयेत म्हणून ते पायी आले होते.) इंजिन आधी थंड की आधी गरम, यावर वाद चांगलाच रंगला.

तेव्हा चंदाबाईंनी रिनाची फाइल काखेत घेतली, तिला हाताला धरून उठवलं, आणि दोघी फाट्यावरच्या काळीपिवळी जीपकडे हळूहळू निघाल्या. कोणाचंच लक्ष गेलं नाही. आणि तुम्ही? तुम्हीही इतका वेळ गाडीकडेच बघत होतात.