चाळीस मिनिटांचा मास्तर

"पुस्तकातली गणितं पुस्तकात राहू द्या. सांख्यिकी शिकवायची तर आकडे खरे पाह्यजेत, आपले स्वतःचे पाह्यजेत!" बदनापूरच्या प्रशिक्षणात हारुन सरांनी सकाळीच ठणकावलं आणि तिथंच ते फसले.

आष्टीकडच्या शाळेत गणित शिकवणारे हारुन सर पहिल्यांदाच प्रशिक्षक म्हणून उभे राहिले होते. मुलांना सांख्यिकी कशी शिकवायची, हे जमलेल्या शिक्षकांना समजवायचं होतं. त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. शाळेत पोचायला रोज साधारण किती मिनिटं उशीर होतो, ते लिहायचं. नाव घालायचं नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. शून्य. शून्य. शून्य. एकीवर तर 'शून्य, आईशप्पथ' असं होतं.

"सरासरी शून्य, मध्यक शून्य, बहुलक शून्य!" हारुन सर हताश झाले. "आता स्तंभालेख काय डोंबलाचा काढू?"

"आकडे खरेच हायेत, सर," पहिल्या बाकावरून सुमेधा मॅडम म्हणाल्या. त्या हारुन सरांच्याच मुख्याध्यापिका. जालन्याहून ये-जा करायच्या, आणि त्या किती वाजता उगवतात हे साऱ्या गावाला पाठ होतं. पण साहेबीणबाईंना खोटं कोण पाडणार?

हारुन सरांनी गुपचूप एका कोऱ्या चिठ्ठीवर 'चाळीस' खरडलं आणि ती ढिगात सरकवली. "हे बघा! एकच उंडगा आकडा साऱ्या सरासरीला कसा ओढून नेतो!" फळ्यावर एकुलता एक स्तंभ ताडासारखा उभा राहिला. तास रंगला. आणि नेमके तेव्हाच विस्तार अधिकारी खरात साहेब दारातून आत आले.

"हे चाळीस कोणाचं?"

सगळे हारुन सरांकडे बघू लागले. आकडा बनावट आहे म्हणावं, तर सकाळचं भाषण अंगाशी येणार.

"माझं, साहेब," ते पडेल आवाजात म्हणाले.

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "इतक्या लोकांत एक खरा माणूस निघाला! अहो, अडचण सांगितली तरच कळंल ना? ज्याला खरंच उशीर होतो, त्याला घराजवळची शाळा द्या म्हणून मी वर शिफारस करतो."

बाकांवर एकदम कुजबुज उठली. "साहेब, आमची चिठ्ठी बदलता येईल का?"

"बदला की. पण या खेपेला नावासकट."

नव्या चिठ्ठ्यांचे स्तंभ फळ्यात मावेनात. एक गुरुजी तर त्यांच्या हिशेबानं शाळा सुटल्यावर पोचत होते. सुमेधा मॅडमनी 'दीडशे' लिहिलं होतं.

"बहोत खूब!" साहेब म्हणाले. "सोमवारपासून मी पडताळणीला निघतो. आकडा जुळला तर ठीक, न्हाई तर खोट्या माहितीची नोटीस."

सोमवारी शाळेची घंटा झाली तरी हारुन सर घराच्या ओट्यावरच. शाळा समोरच्या गल्लीत. त्यांच्या बायकोनं, साजियाभाभींनी हटकलं, "तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय. उशीर व्हायची वाट पाहून राह्यलो."

भाभींनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तेव्हा ते उठून चौकातल्या हॉटेलात जाऊन बसले. कोपऱ्यात सुमेधा मॅडम पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन बसलेल्या.

"जन्मात पहिल्यांदा लौकर आल्ते हो," त्या रडवेल्या झाल्या. "भीतीनं पहिलीच गाडी धरली. आता दीडशे मिनिटं काढायची कुठं?"

बरोबर चाळीस मिनिटांनी हारुन सर वर्गात शिरले. खरात साहेब त्यांच्याच खुर्चीत बसून मुलांना पाढे विचारत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठून सरांचा हात घट्ट धरला.

"बिलकुल चाळीस! अभिनंदन, सर! माहिती खरी निघाली." मग हात न सोडताच म्हणाले, "आता अर्ध्या दिवसाची रजा लिहून द्या."

"रजा? अन् ती शिफारस, साहेब?"

"तुमचं घर तर पोरांनी खिडकीतून दाखवलं. त्याहून जवळची शाळा कुठून आणू?"

हारुन सरांनी मुकाट्यानं अर्ज लिहिला. साहेबांनी घडी घालून तो खिशात ठेवला.

"मुख्याध्यापिका दिसत न्हाईत. फोन करून पाहता का जरा?"

हारुन सरांनी खिशातला मोबाईल चाचपला. अर्ध्या मिनिटात मॅडम हॉटेलातून पळत आल्या असत्या. सरांनी खिशातल्या खिशातच तो बंद केला.

"कशाला, साहेब?" ते अदबीनं म्हणाले. "बसा आरामात. मॅडम आकड्याच्या एकदम पक्क्या हायेत."