मेहुण्याची सुटका

डोंगरावरच्या दगडी निवाऱ्यात सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. वाटाड्याने स्टोव्हवर बर्फ वितळायला ठेवला, मेहुण्याने कुडकुडत मोजे शोधले आणि शाळेत कवायत शिकवणाऱ्या दाजींनी घोंगडीची काटकोनात घडी घालून घोषणा केली, "आज शिखर! दम लागतो तो बेशिस्त माणसाला!"

मग उन्हापासून बचाव म्हणून त्यांनी तोंडभर टूथपेस्ट फासली.

"दाजी, ते क्रीम नाही!"

"मला शिकवतोस? आणि तू असा डुलतोयस का?"

डुलत होते ते दाजीच! रात्री डोके धरून बसले होते, जेवणाला शिवलेही नव्हते. वाटाड्याने सरळ चालून दाखवायला सांगताच ते ऐटीत निघाले आणि थेट अंथरुणांच्या ढिगात जाऊन कोसळले.

"विरळ हवा डोक्यात गेलीय," वाटाड्या मेहुण्याच्या कानाशी पुटपुटला. "आत्ताच खाली न्यायला हवं. उशीर केला तर जिवावर बेतेल."

मेहुण्याने घाईने पिशव्या भरायला घेतल्या. घरी ताईला काय सांगणार? आणि दाजी म्हणजे चुकीच्या बसमध्ये बसल्यावरही शेवटच्या थांब्यापर्यंत न उतरणारा माणूस! विनवण्या झाल्या, ताईची शपथ घालून झाली. दाजी आपले दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत बसले.

शेवटी मेहुण्याने कपाळ धरले आणि जमिनीवर लोळण घेतली. "दाजी, मेलो! मला खाली न्या!"

दाजींच्या डोळ्यांत तेज आले. "बघ! म्हणत नव्हतो मी? ऊठ, घाबरू नकोस, मी आहे!"

अशी ती सुटका सुरू झाली. रुग्ण वाचवणाऱ्याला काखेत हात घालून उतरवत होता आणि वाचवणारा 'एक-दोन, एक-दोन' म्हणत रुग्णाला धीर देत होता! कण्हणे थांबले की दाजी पुन्हा शिखराकडे वळत. म्हणून बिचारा मेहुणा उतारभर कण्हत राहिला.

खालच्या वस्तीत पोहोचेपर्यंत दाजींची पावले सरळ पडू लागली. गरम सूप पोटात टिकले. मेहुण्याचा जीव भांड्यात पडला. दाजींनी गाल खाजवला, तर पांढरी खपली हातात आली. त्यांनी ती हुंगली आणि घाईघाईने तोंड पुसून काढले.

"उद्या पुन्हा वर?" वाटाड्याने विचारले.

"नको. याला सोसत नाही."

मेहुण्याने इमानाने एकदा कण्हून घेतले.

दाजी उठले. स्वतःची पिशवी पाठीला लावली, मेहुण्याचीही उचलली आणि बसथांब्याकडे निघाले. तिथे बसच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कंडक्टरला हळूच विचारले, "ही बस नक्की खालीच जाते ना?"