खरवडलेली चिप आणि बदकीणबाईंची अंडी

मुलांनो, एका जंगलात आधी विजेचे खांब आले आणि पाठोपाठ अंडी उबवायचं यंत्र आलं. तेव्हापासून अंड्यांवर स्वतः बसणं तळ्याकाठी गावंढळ समजलं जाऊ लागलं.

यंत्र कोल्होबाच्या कारखान्यातलं. बदकीणबाईंनी हौसेनं घेतलं, अंडी आत ठेवली आणि त्या पोहायच्या क्लासला जाऊ लागल्या. हसू नका. क्लासला गर्दी होती.

पिल्लं निघायची वेळ अगदी जवळ आली आणि यंत्रातला ऊब देणारा दिवा विझला.

साळिंदरभाऊ दुरुस्तीला आले. त्यांनी सर्किट बोर्ड बाहेर काढला. एक चिप जळून फुगली होती. नाव वाचायला भिंग लावलं, तर तिच्या पाठीवर नुसते ओरखडे; नाव कुणीतरी मुद्दाम खरवडलेलं.

"कोल्होबा, हिचं नाव काय?"

"ते गुपित आहे."

"मग कानात सांगा."

कोल्होबा कानाशी आला आणि घुटमळला. "मलाच ठाऊक नाही हो. लांडग्याच्या गोदामातून पोतंभर उचलल्या होत्या. तोही यंत्रं बनवतो; त्याच्या यंत्रात बघितलं तर सगळ्या खरवडलेल्या. मला वाटलं, त्याशिवाय चालत नसतील. म्हणून मीही बसून खरवडल्या."

"वाचल्या नाहीत?"

"घाईत होतो."

"इथं माझी अंडी गार पडताहेत," बदकीणबाई ओरडल्या, "आणि तुमचं कानात काय चाललंय?"

"बाई, तोवर तुम्हीच बसा ना," साळिंदरभाऊ म्हणाले.

"मी? क्लासमधल्या बायका काय म्हणतील?" पण अंड्यांना हात लावून पाहिला आणि त्या मुकाट्यानं बसल्या. वरून पदर ओढून घेतला.

साळिंदरभाऊ बोर्डावर वाकले. नाव पुसता येतं, पण चिपचा कुठला पाय कुणाला जोडलाय ते पुसता येत नाही. ते बोर्डावरची तांब्याची एकेक रेघ काट्याच्या टोकानं धरून निघाले. चुकले, की पुन्हा पहिल्यापासून. दुसरा दिवस उजाडला.

"हा पाय विजेचा," ते अखेर म्हणाले. "हा तापमापकाचा. हा ऊब ठरवायच्या बटणाचा. आणि हा दिव्याचा. म्हणजे ही चिप अंडी गार झाली की ऊब देते, पुरेशी झाली की थांबते."

"म्हणजे मी कालपासून करतेय तेच ना?" बदकीणबाईंनी विचारलं.

"तेच. फक्त ती बोलत नाही."

साळिंदरभाऊंच्या डब्यात तसं काम करणारी चिप निघाली. त्यांनी ती डाग देऊन बसवली. दिवा लागला.

"ठेवा अंडी आत!" कोल्होबा नाचू लागला.

बदकीणबाई उठेनात. त्यांच्या पोटाखालून टक्‌टक् ऐकू येत होतं. मग पदराआडून एक पिवळी चोच बाहेर आली, आणि तिच्यामागून दुसरी.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यावर नवी पाटी लागली: 'आमच्या यंत्रात अंडी न ठेवताही पिल्लं निघतात.'

तात्पर्य: चिपवरचं नाव जरूर खरवडून टाकावं. ती ओळखण्यात वेळ जातो आणि तेवढ्या वेळात काम होऊन जातं.