थोडंसं टचिंग

विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टकडे पाहिले, मग काकूंकडे पाहिले, मग पुन्हा पासपोर्टकडे पाहिले, आणि शेजारी बॅगा सांभाळत उभे असलेले काकूंचे यजमान, फोटोकाका, बॅगांची कुलुपे पुन्हा तपासू लागले. त्या नजरेचा अर्थ अख्ख्या रांगेत फक्त त्यांनाच कळला होता.

तोपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. काकू शाळेच्या कचेरीत उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. लोकांचे अर्धवट भरलेले अर्ज परत करण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या कागदांत कुणी खोट काढील ही शक्यताच नव्हती. मुलीने परतीचे तिकीट मागितले, ते हजर. विमा मागितला, तोही हजर.

"मॅडम, तिकडे उतरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म भरलाय का?"

"भरलाय. ही त्याची प्रिंट, आणि ही त्या प्रिंटची झेरॉक्स."

"राहणार कुठे?"

"माझ्या धाकट्या बहिणीकडे. हे तिचं निमंत्रणाचं पत्र, हा पत्ता, आणि ही तिच्या पासपोर्टची प्रत. आणखी काही हवं असलं तर संकोच करू नका."

मुलीने संकोच न करता काकूंना काउंटरवरच्या छोट्या कॅमेऱ्यात बघायला सांगितले. काकूंनी बघितले. कॅमेऱ्याने लाल दिवा लावला. पुन्हा बघितले, पुन्हा लाल. मग त्या मुलीने ती नजर टाकली आणि म्हणाली, "एक मिनिट हं, मी आमच्या सरांना बोलावते."

हे विमान चुकणे अजिबात परवडणारे नव्हते. धाकटी बरीच वर्षे परदेशात होती आणि लग्न या विषयावर तिने ऐन तारुण्यातच फुली मारली होती. ती फुली तिने आता, पन्नाशी उलटल्यावर, एका अतिशय सोशिक गृहस्थासाठी पुसली होती. उद्या सकाळी तिथल्या कचेरीत सह्या व्हायच्या होत्या, आणि साक्षीदार म्हणून ताईच हवी असा तिचा हट्ट होता. "ताई नसेल तर मी सही करणार नाही," असे तिने नवऱ्या मुलाला स्पष्ट सांगून ठेवले होते. धाकटीला ओळखणाऱ्यांना हे नुसते बोलणे नव्हते हे ठाऊक होते. एकदा कचेरीतून उठून गेली असती तर तिचे मन वळवायला पुन्हा पंचवीस वर्षे लागली असती.

आता त्या नजरेचा अर्थ फोटोकाकांना का कळला त्याविषयी. कोपऱ्यावरचा स्टुडिओ त्यांचा. त्यांचे खरे नाव पासपोर्टवर छापलेले होते म्हणूनच काय ते शिल्लक राहिले होते. माणूस हाडाचा कलावंत, पण एक खोड होती: त्यांना चेहरा आहे तसा सोडवत नसे. पूर्वी ब्रश होता तेव्हा ब्रशने, आणि कंप्युटर आल्यापासून कंप्युटरवर ते प्रत्येक चेहऱ्यावरून हात फिरवत. मुरूम घालवत, डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवत, पडलेला दात बसवून देत. त्या भागातल्या लोकांचे नुसते फोटो पाहिले असते तर तिथे कुणाला कधी जाग्रण घडत नाही असाच कुणाचाही समज झाला असता. याला ते "थोडंसं टचिंग" म्हणत. काकूंच्या पासपोर्टचा फोटो त्यांनीच काढला होता, आणि काकूंच्या हनुवटीवर चांगला ठसठशीत तीळ होता. पासपोर्टवर तो नव्हता.

सुपरवायझर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर आपण कुणाचे मामा नाही असा भाव. त्यांनी पासपोर्ट उघडला, व्हिसा उघडला, दोन्हीवरचे फोटो शेजारी शेजारी धरले. ते एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. जुळत नव्हत्या त्या फक्त काकू.

"या बाई कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

"या काय, तुमच्यासमोर," काकू म्हणाल्या.

"मॅडम, यांना तीळ नाही."

"मला आहे."

"तेच म्हणतोय मी."

काकूंनी पहिल्यांदाच आपला फोटो नीट निरखून पाहिला. इतकी वर्षे त्यांनी पासपोर्टवरचा क्रमांक तपासला होता, मुदत तपासली होती, नावातली अक्षरे एकेक करून तपासली होती. चेहरा तपासायचे त्यांच्या मनातही आले नव्हते, कारण तो आपलाच असणार. आता त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. फोटोकाका विमानतळाच्या छताची रचना अभ्यासू लागले.

"दुसरं काही ओळखपत्र आहे का, फोटोचं?" सुपरवायझरनी विचारले.

"हवी तेवढी आहेत," म्हणत काकूंनी पर्स उघडली, आणि फोटोकाकांनी डोळे मिटून घेतले.

शाळेचे जुने ओळखपत्र, वाचनालयाचे कार्ड, बँकेचे, ज्येष्ठ नागरिकांचे. काकूंनी ती तारीखवार ओळीने मांडली, कारण कागद तारीखवार लावण्याची त्यांच्या हाताला सवयच होती. आणि त्यामुळे जे एरवी कुणाच्या ध्यानात आले नसते ते सगळ्यांच्या ध्यानात आले. काकू कार्डागणिक तरुण होत गेल्या होत्या. शाळेच्या कार्डावर कपाळाला दोन आठ्या होत्या, वाचनालयात एक उरली होती, बँकेत तीही गेली होती, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कार्डावरून एक टवटवीत बाई सुपरवायझरकडे प्रसन्नपणे बघत होती.

"हे उलटं चाललंय," सुपरवायझर म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नाही," काकू थंडपणे म्हणाल्या. हा थंडपणा फोटोकाकांच्या परिचयाचा होता. तो घरात आला की चार दिवस मुक्काम करत असे.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीच्या हाती धाकटीच्या पासपोर्टची प्रत लागली. तिने ती सरांपुढे सरकवली. धाकटीचा फोटो परदेशात, कुण्या अरसिक माणसाने काढलेला होता. त्यात धाकटी जशी होती तशीच आली होती. आणि ती हुबेहूब काकूंच्या पासपोर्टवरच्या फोटोसारखी दिसत होती. तेच नाक, तेच डोळे, आणि हनुवटीवर तीळ नाही.

सुपरवायझरचा आवाज एकदम मऊ झाला. मऊ आवाज वाईट, हे काकूंना कचेरीतल्या अनुभवाने ठाऊक होते. "मॅडम, तुम्ही बहिणीच्या कागदांवर प्रवास करताय का?"

"माझ्या बहिणीकडे जायला मी तिचे कागद कशाला वापरू? ती तिथेच आहे."

"ते आम्हाला कसं कळणार? हे बघा, तुम्हाला तिकडे उतरवून घेतलं नाही तर परत आणायचा भुर्दंड आम्हाला, दंड आम्हाला. मी सही करायची, आणि उद्या नोकरी माझी जायची."

"तिला फोन लावते. समोरासमोर बघा तिला."

काकूंनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक गुळगुळीत मातकट चेहरा आला. लग्नाच्या आदल्या दिवशी धाकटी तोंडाला लेप लावून बसली होती, आणि लेप वाळेपर्यंत ओठ हलवायचे नाहीत अशी तिला सक्त ताकीद होती.

"काय गं ताई," ती दातांच्या फटीतून म्हणाली, "अजून विमानात नाही बसलात?"

"या कोण?" सुपरवायझरनी विचारले.

"हीच बहीण."

सुपरवायझरनी लेपाकडे पाहिले, प्रतीकडे पाहिले आणि फोन परत दिला. पलीकडून धाकटीचा दबलेला आवाज येतच होता. "ताई, तू नाही आलीस तर मी जागची हलणार नाही. सांगून ठेवते. ह्यांनाही सांगितलंय." मागून एक सोशिक आवाज आला, "हो, सांगितलंय."

काउंटर बंद व्हायची वेळ होत आली होती. मागची रांग केव्हाच संपली होती. फोटोकाकांना आता लपायला छतही पुरेना. ते पुढे झाले आणि त्यांनी घसा खाकरला.

"साहेब, चूक माझी आहे. फोटो मी काढलाय. मी फोटोग्राफर आहे. थोडंसं टचिंग केलं होतं."

"थोडंसं?" काकू आणि सुपरवायझर एकदमच म्हणाले.

सुपरवायझर खुर्चीवर बसले. त्यांना आता गुन्हेगार सापडला होता, पण गुन्हा कोणत्या कलमात घालावा हे सुचत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "नाव, जन्मतारीख, कागद, सगळं बरोबर आहे. अडतंय ते मशीनपाशी. मशीननं हिरवा दिवा दिला तर मी सोडतो. पण एका माणसाला ते चारदाच बघतं, म्हणजे आणखी दोनदाच. त्यानंतर ते आपोआप बंद होतं."

फोटोकाकांच्या अंगात वारे संचारले. आयुष्यभर त्यांनी माणूस तसाच ठेवून फोटो बदलला होता. आता फोटोसारखे माणूस करायचे होते. त्यांनी काउंटरवरच्या कॅमेऱ्यापासून काकूंना अर्धे पाऊल मागे घेतले. वरचा दिवा डोक्यावर येत होता, म्हणून काउंटरवरच्या मुलीला टेबलावरचा दिवा डावीकडे धरायला लावला. काकूंची पांढरी फाइल उघडून सुपरवायझरच्या हातात दिली आणि ती काकूंच्या हनुवटीखाली तिरकी धरायला सांगितली, म्हणजे उजेड खालून चेहऱ्यावर पडेल आणि तीळ पुसट होईल.

"साहेब, थोडी वर. अजून थोडी. हां, हलू नका."

"मी हलत नाहीये," सुपरवायझर म्हणाले, आणि आपण हे का करतोय असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला.

कॅमेऱ्याने पाहिले. लाल.

"उजेड बरोबर आहे," फोटोकाका हळूच म्हणाले. "पण तुझ्या कपाळावर आठ्या आहेत."

"येणारच. त्या तुम्ही पुसल्यात, मी नाही." या वेळी काकूंच्या आवाजात थंडपणा नव्हता, रागही नव्हता. "एक विचारू? तीळ खुपत होता का तुम्हाला? लग्नाला एवढी वर्षं झाली. खुपत होता तर सांगायचं होतं."

काउंटरवरच्या मुलीने दिवा धरलेला हात स्थिर ठेवून नजर दुसरीकडे वळवली. सुपरवायझरनी फाइलच्या आड तोंड लपवले.

फोटोकाका बोलण्यात कच्चे होते. प्रेमाबिमाचे बोलायची वेळ आली की ते कॅमेऱ्यामागे जात. इथे कॅमेरा दुसऱ्याचा होता.

"खुपला नाही गं कधी," ते म्हणाले. "खरं सांगू? तो मला दिसतच नाही. लोकांचा फोटो करताना मी एकेक डाग शोधून काढतो. तुझा करताना मी काहीच शोधत नाही. नुसता हात फिरवत बसतो, आणि तू मला दिसतेस तशी पडद्यावर दिसायला लागलीस की थांबतो. मला वाटलं होतं, सगळ्यांना तू अशीच दिसतेस."

 काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिले, मग समोर कॅमेऱ्याकडे पाहिले. कपाळावरच्या आठ्या, पहिली आणि दुसरी, आपोआप निवळल्या. गाल सैलावले. खरोखरच त्या क्षणी त्या ज्येष्ठ नागरिकांच्या कार्डावरच्या बाईसारख्या दिसू लागल्या.

हिरवा दिवा लागला.

मुलीने दिवा खाली ठेवला आणि हातावरचा ताण झटकत बोर्डिंग पास छापायला घेतला. सुपरवायझरनी फाइल मिटवून काकूंना परत दिली आणि म्हणाले, "तिकडेही असंच मशीन आहे बरं का."

"तिकडेही हे असतीलच," काकू म्हणाल्या, आणि फोटोकाकांना पुढे ढकलले. "आता तुम्ही उभे राहा. आवरा लवकर."

फोटोकाका कॅमेऱ्यापुढे जाताना काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमचा स्टुडिओ कुठे आहे? माझ्या ओळखपत्रावरचा फोटो बघवत नाही हो." एकाच सकाळी बायको निवळली होती, विमान मिळाले होते आणि कलेची कदरही झाली होती. फोटोकाकांचा चेहरा अगदी उजळून निघाला.

लाल.

सुपरवायझरनी त्यांचा पासपोर्ट उघडला. त्यात एक कमालीचा चिडलेला गृहस्थ होता. भुवया जवळ आलेल्या, ओठ आवळलेले. स्वतःचा फोटो स्वतःला काढता येत नाही म्हणून तो काकूंनी काढला होता. कॅमेरा कसा धरायचा हे फोटोकाकांनी त्यांना इतका वेळ शिकवले होते, की अखेर शिकवणीच्या मध्येच काकूंनी बटण दाबून टाकले होते. टचिंग अर्थातच केलेले नव्हते. काकूंना ते येत नव्हते.

"काका, हसू नका," सुपरवायझर काकुळतीला आले. "वेळ संपतेय."

"नाही हसत," फोटोकाका म्हणाले, आणि तोंड गंभीर करायला गेले तो आणखीच हसू फुटले. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. आता शेवटची एक संधी उरली.

"सरका हो तुम्ही," काकू सुपरवायझरना म्हणाल्या. त्या कॅमेऱ्याच्या अगदी मागे जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, इकडे बघा. तुम्हाला एक सांगायचं राहिलं. धाकटीनं उद्याचे फोटो काढायला दुसरा फोटोग्राफर ठरवलाय. म्हणाली, माझ्या लग्नाच्या फोटोत मला मीच दिसायला हवी."

फोटोकाकांच्या भुवया जवळ आल्या. ओठ आवळले गेले.

हिरवा दिवा लागला. काकूंनी दोघांचे पास उचलून फाइलीत तारीखवार लावले आणि त्या भराभर चालू लागल्या. फोटोकाका बॅग ओढत त्यांच्या मागे.

"अगं, हे तू आत्ता रचून सांगितलंस ना?"

"चला लवकर."

"रचून सांगितलंस ना?"

काकू थांबल्या, वळल्या आणि त्यांच्याकडे प्रेमाने पाहत म्हणाल्या, "हा चेहरा असाच ठेवा. उतरल्यावर पुन्हा लागणार आहे."