पिटुकलीचा गट

मोठ्या बाई तास बघायला येणार होत्या आणि त्यावरच चौथीच्या नव्या बाईंची नोकरी पक्की व्हायची होती. म्हणून नव्या बाईंनी ठरवलं, आयतालेख, म्हणजे गटागटाच्या स्तंभांचा आलेख, फळ्यावर काढायचाच नाही, मुलांचाच उभा करायचा. व्हरांड्यातल्या चौकोनी फरशीवर त्यांनी खडूने उंचीचे गट सेंटिमीटरमध्ये लिहिले: एकशे पंधरा ते वीस, वीस ते पंचवीस, असे पुढे दीडशेपर्यंत. एका मुलाला एक फरशी. ज्या गटात मुलं जास्त, त्याचा स्तंभ लांब. मुलं भराभर उभी राहिली, मधला स्तंभ छान वाढला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पहिल्या गटात एकटीच उभी असलेली पिटुकली ओठ काढून रडायच्या बेतात आली. शेवटच्या गटातून लंबू निघाला आणि तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"अरे, तुझी जागा तिकडे आहे ना?" नव्या बाई म्हणाल्या.

"तिकडे मी एकटा, इकडे ही एकटी. म्हणून आलो."

हे सगळ्यांनाच पटलं. एकेक करत अख्खा वर्ग पिटुकलीमागे आला. बाई एकाला हाताला धरून जागेवर नेत, तोवर दुसरे दोघे सटकत. आणि नेमक्या मोठ्या बाई समोर हजर.

"सगळी मुलं एकाच उंचीची?" त्यांनी विचारलं.

उत्तर लंबूनेच दिलं. "नाही बाई, पण ती एकटी पडत होती."

"आयतालेखात खरं तेच दाखवायचं असतं. जा आपापल्या जागी," मोठ्या बाई म्हणाल्या.

मुलं पाय ओढत गेली. पिटुकली पुन्हा एकटी. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "बाई, गट पाच-पाचचाच का? दहा-दहाचा नाही चालत?"

नव्या बाईंनी गुडघ्यांवर बसून आकडे पुसले आणि दहा-दहाचे गट लिहिले. पिटुकलीच्या गटात आणखी चौघी आल्या, त्याही खऱ्याखुऱ्या मापाने. ती हसली.

"मग शंभर-शंभरचा करू या, सगळेच एकत्र," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग कोण उंच, कोण बुटकं, काहीच कळणार नाही," पिटुकलीने त्याला गप्प केलं. नव्या बाईंना शिकवायला काही उरलंच नाही.

लंबू मात्र अजून एकटाच होता. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला हात टेकून त्यांनी उंच टाचांच्या चपला काढल्या आणि बघता बघता त्या चांगल्या चार बोटं खाली आल्या. अनवाणीच जाऊन त्या लंबूशेजारच्या फरशीवर उभ्या राहिल्या.

"एकशे सेहेचाळीस," त्या हळूच म्हणाल्या. "लिहून घ्या."

लंबूने त्यांच्या डोक्यापासून आपल्या डोक्यापर्यंत तळहात सरकवून पाहिला. "बाई, मी तुमच्यापेक्षा थोडा जास्तच भरतो."

"भरतोस," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण गट एकच आहे."