गफूर मास्टरचे चार इंच

गफूर मास्टर माप घेताना टेपवर मूठ झाकून धरतात. छाती गिऱ्हाइकाची, पण तिचा आकडा खुद्द गिऱ्हाइकालाही दिसू द्यायचा नाही. टेप कमरेभोवती फिरला की दोन टोकं जुळतात तिथं ते पंजा ठेवतात, वाकून त्या पंजाच्या आत डोकावतात आणि मग मोठ्यानं एक आकडा सांगतात. तो आकडा खोटा असतो. बरोबर चार इंचांनी जास्त. खरा आकडा नंतर पाठ फिरवून रजिस्टरमध्ये लिहिला जातो, आणि रजिस्टर पत्र्याच्या पेटीत जातं.

हे चार इंचांचं गुपित मला कळायला अकरा वर्षं लागली. विदर्भातल्या आमच्या मालेगावात, वाशीम रोडवर, त्यांचं टेलरिंगचं दुकान आणि माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. दर दिवाळीला मी त्यांच्याकडं पँट शिवून घेतो. एका दिवाळीला त्यांनी भर दुकानात "कंबर चाळीस!" असं जाहीर केलं, तेव्हा मी समोरच्या टपरीवरची भजी सोडली आणि रोज सकाळी फिरायला जायला लागलो. पुढच्या दिवाळीला पुन्हा चाळीस. पँट मात्र कमरेला अगदी बरोबर बसायची. ती मास्टरच्या हातातली जादू आहे, असं मी बायकोला सांगायचो.

एकदा न राहवून मी विचारलं, "मास्टर, आकडा एवढा झाकून कायले ठेवता?"

"माप म्हंजे मानसाची अमानत हाय," ते म्हणाले. "तुह्या दुश्मनाले तुही कंबर समजली त?"

"समजू द्या. काय करन तो?"

"तेच त मालूम नाई ना बाप्पा. म्हनून त डर हाय."

मास्टरचा संशय हा असा. त्याला कारण लागत नाही. मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला की ते कैची ड्रॉवरमध्ये टाकून त्याच्या पाठीशी उभे राहतात. दुपारी नमाजाला जाताना कापडाच्या गठ्ठ्यावर खडूची एक बारीक रेघ ओढून जातात, आणि परत आल्यावर ती जागेवर आहे का बघतात. एकदा ती रेघ पुसलेली निघाली. मांजर झोपून गेलं होतं, त्याच्या पोटाला खडू लागलेला मी दाखवला. मास्टर म्हणाले, "मांजरीले इकडं धाडलं कोनं?"

घरी ते एकटेच असतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी शाहीन, ती रिठद गावी दिली. शाहीन लहानपणापासून बापाच्या मशीनजवळच वाढली, आणि तिचा हात बापापेक्षाही साफ आहे. लग्नात तिनं दुसरं काही मागितलं नाही, मशीन मागितली. गेल्या वर्षीपासून मास्टर अर्धं काम तिच्याकडं धाडायला लागले.

धाडायची पद्धतही त्यांचीच. कापड एकाच्या हाती पाठवायचं आणि मापाची चिठ्ठी दुसऱ्याच्या. दोन्ही एकाच माणसाकडं दिली, तर तो स्वतःच शर्ट शिवून मोकळा व्हायचा, ही भीती. त्यामुळं कधी कापड सोमवारी पोचायचं आणि चिठ्ठी पुढच्या शुक्रवारी. एकदा चिठ्ठी नेणारा माणूस रिठदला न जाता सरळ सासुरवाडीला गेला, आणि एका गुरुजींचा सफारी त्यांच्या रिटायरमेंटनंतर तयार झाला.

शेवटी शाहीननंच मला फोन केला. "काका, तुमी अब्बाचे मापं क्लाउडवर टाकून द्या ना. मी इथं मोबाइलवर पाहून घेईन."

मी मास्टरना समजावून सांगितलं. मापं एका शीटमध्ये लिहायची. ती शीट माझ्या कॉम्प्युटरमध्ये राहत नाही, एका कंपनीच्या दूरच्या मोठ्या मशिनींमध्ये राहते. माझा कॉम्प्युटर जळाला तरी शीट शाबूत. तुम्ही इथं लिहिलं की त्याच घटकेला शाहीनला तिथं दिसतं.

मास्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती घेते?"

"एवढ्यासाठी काही नाही. फुकट."

"फुकट काहून देते?"

याचं उत्तर खरं म्हणजे मलाही नीट येत नाही.  मास्टर खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "त्या कंपनीचा टेलर कोन हाय, थे पाय पहले."

आठ दिवस त्यांनी विषय काढू दिला नाही. मग एका दुपारी ते पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दुकानात आले आणि शटर अर्धं खाली ओढलं. रजिस्टरांना वाळवी लागली होती. एका रजिस्टरची पानं तर निम्मी खाल्लेली.

पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली. "तिकडं पाय." मी पाव तास कॅलेंडरकडं बघत बसलो. मागून एकेक बटण शोधल्याचा आवाज येत होता. झाल्यावर त्यांनी तो पासवर्ड खडूनं मोठ्या अक्षरांत आपल्या इस्त्रीच्या टेबलाच्या खालच्या बाजूला लिहून ठेवला. पुढं तो बघायचा झाला की ते टेबलाखाली आडवे व्हायचे. रस्त्यावरच्या माणसांना नुसते पाय दिसायचे.

मग ते रजिस्टर चाळत बोलायचे आणि मी टाइप करायचो. तिसऱ्या दिवशी वाळवीनं खाल्लेलं पान आलं. त्यावर नावं होती, आकडे नव्हते. मास्टर न अडखळता सगळी मापं सांगत गेले. मी थांबलो.

"मास्टर, इथं त आकडेच नाही. तुमी वाचता कुठून?"

त्यांनी उठून शटर आणखी वीतभर खाली ओढलं. मग म्हणाले, "कोनाले सांगशील नोको, एकट्या शाहीनले मालूम हाय. दोन्ही डोये गेले लेका. मोतीबिंदू हाय म्हने. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मापं डोक्यात हायेत, म्हनून चालून राह्यलं."

मी म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन काही मोठं नाही.

"माह्यं सोड. हात थांबला त थांबला. पन हे गिऱ्हाईक शाहीनचं झालं पायजे. तिच्या सासरच्यायले तिची मशीन फक्त फाटकं शिवाची वाटते. चार गावचे मापं तिच्याजवळ असले, त तिले कोनाच्या तोंडाकडं पाहा लागनार नाई."

मला त्या माणसाविषयी एकदम माया दाटून आली. पण त्यांनी लगेच माझ्या टेबलावरचा पेन उघडून आत काही यंत्र आहे का ते तपासलं, त्यामुळं ती फार टिकली नाही.

शीट पुरी झाल्यावर त्यांनी शेवटी एक बनावट गिऱ्हाईक घालायला लावलं. नाव दौलत पैलवान. मान बावीस, छाती तीस, पँटची लांबी एकोणीस. "असा कपडा कोनाच्या आंगावर दिसला, की समजाचं, माप इथूनच फुटलं." नंतर पंधरा दिवस ते दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या माना न्याहाळत बसले. दिसत काही नव्हतं, पण बसले.

सापळ्यात सापडली ती शाहीनच. एका सकाळी मास्टर माझ्या दुकानात असताना तिचा फोन आला. बापलेक एरवी हिंदीत बोलतात, पण चिडली की ती वऱ्हाडीवर येते. "अब्बा, ह्या दौलत पैलवानाचं कापड कुठं हाय? अन् हा मानूस हाय का ढोलकी?"

मास्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "तुले त्याचं नाव कोनं सांगतलं?"

"मास्टर, शीट तिच्यासाठीच केली ना आपण!" मी म्हटलं.

"हो," मास्टर फोनवर हात ठेवून पुटपुटले, "पन फुटलं त खरं."

त्याच आठवड्यात जऊळक्याचं एक लग्न होतं. नवरदेवाच्या पाच भावांचे कुर्ते शाहीननं शीटवरची मापं बघून शिवले आणि लग्नाच्या दोन दिवस आधी धाडले. पाचही भाऊ दुकानात येऊन घालून बघायला लागले. एकेका कुर्त्यात दीड दीड माणूस मावत होता. थोरल्याचे तर हात दिसत नव्हते. तो म्हणाला, "मास्टर, आमी काय वर्षभरात जाडे होनार होतो का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं शाहीन आली. पर्स ठेवायच्या आधी तिनं पेटीतलं रजिस्टर काढून मोबाइलशी ताडून पाहिलं. सगळीकडं चार इंच.

"अब्बा, तुमी बोलता खोटं, पन लिहिता खरं. मले वाटलं, हे लिहिलेलं हाय."

"लिहिलं संतोषनं," मास्टर खाली मान घालून, माझ्याकडं बोट करत म्हणाले. "म्या बोललो. आता त्याच्यासमोर खरं कसं बोलू?"

अकरा वर्षांचा शेजार, आणि माझी ही पत. मला राग आला, अगदी खरा राग आला. पण तेवढ्यात लक्षात आलं की चाळीसातून चार गेले तर माझी कंबर छत्तीस राहते, आणि तो राग जरा विस्कटला.

दिवसभर शाहीन मशीनवर बसली. उसवून, कापून, पाचही कुर्ते संध्याकाळच्या गाडीच्या आत उभे केले. मास्टर तिच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. तीनदा दोरा हुकला. शाहीननं सुई त्यांच्या हातातून घेतली, आणि जराशी मागं सरून बापाकडं नीट बघितलं. गिऱ्हाईक दारात आलं की मास्टर बघतात ना, तसं, वरपासून खालपर्यंत. माझ्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

ती गेल्यावर मास्टर माझ्याकडं आले आणि खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढून बसले. चार दिवस त्यांनी सगळी शीट दुरुस्त करून घेतली, खऱ्या आकड्यांनी, माझ्या कानात कुजबुजत. माझ्या नावाशी आल्यावर दोन्हीकडं बघून म्हणाले, "छत्तीस. बाह्यर बोलजो नोको."

"आणि तुमचं माप?" मी विचारलं. "तुमचं नावच नाही शीटमध्ये."

"टेलरचं माप कोन घेते? आपल्या हातानं आपला खांदा मोजता येत नाई. अन् दुसऱ्याच्या हाती टेप द्याचा म्हंजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. अंगातला कुर्ता खांद्यावरून खाली घसरला होता, तो त्यांनी वर ओढला. तो कुर्ता मी कित्येक वर्षं दर ईदला बघत आलोय.

ऑपरेशनला दोन दिवस असताना ते रोजच्यासारखी शीट तपासायला आले. कोणी चोरून काही नेलं का, हे मी त्यांना वाचून दाखवायचं असा नेम झाला होता. दौलत पैलवानाच्या खाली एक नवीन ओळ आली होती. मी लिहिली नव्हती.

"नाव, अब्बा," मी वाचलं. "छाती चाळीस. खांदा एकवीस. लांबी शेचाळीस. पुढं लिहिलंय, कापड मी घेतलं आहे, डोळ्यांची पट्टी निघाली की पहिला हाच कुर्ता घालायचा."

मास्टर पडद्याजवळ सरकले.

"शाहीनची पुन्हा गडबड झाली वाटते," मी म्हटलं. "सगळे आकडे आता खरे केले आपण, अन् हे पाहा. एवढा खांदा नाही तुमचा."

"गडबड नाई लेका," मास्टर म्हणाले. "तू वाचशील, हे तिले मालूम हाय. म्हनून चार इंच जास्त."

मग डोळ्यांपुढचं काही दिसत नसतानाही ते पडद्याकडं बघत राहिले. ओठ हलत होते, वजाबाकी चालली होती.

"सतरा," ते मोठ्यानं म्हणाले. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मोठ्यानं ऐकलेला तो पहिला खरा आकडा. "साडेअठरा होता पहले माहा खांदा. टेप न लावता पाह्यलं पोरीनं."

त्यांनी चाचपडत हात पुढं केला आणि त्या ओळीवर पंजा झाकून धरला. मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि कॅलेंडर बघत बसलो.